पिकअप, १ लाख ८० हजार किमी: ४ लाखांपर्यंत न्यायची तर आधी कशाला हात घालायचा?

हौदावाला

डबल कॅब पिकअप आहे. अडीच लिटर कॉमन रेल डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स, लिव्हरने टाकायचं पार्टटाइम ४×४, मागे पाटे आणि ड्रम ब्रेक. वय ११ वर्षं. सर्व्हिसची वही नाही, त्यामुळे आधी काय झालंय ते कळायला मार्ग नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस ५००-६०० किलो माल, बाकी रिकामी. रस्ता अर्धा कच्चा.

इंजिन लगेच सुरू होतं, धूर नाही. तक्रारी दोनच. थांबून पुन्हा निघताना खालून एकदाच ‘ठक्’ होतं. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ दिसतो.

गाडी बदलायची नाही. कामं कोणत्या क्रमाने काढावीत? ‘सगळंच एकदा करून टाका’ हे उत्तर कृपया नको.

ग्रीसगन

वही नाही म्हणजे काहीच झालेलं नाही असं धरा. क्रम लावायचा तो एकाच हिशेबाने: कुठली वस्तू गेली तर सोबत मोठं काहीतरी घेऊन जाते?

त्यात पहिला नंबर टायमिंगचा, म्हणजे पिस्टनच्या ठेक्यावर वॉल्व्ह उघडणाऱ्या पट्ट्याचा किंवा साखळीचा. तुमच्या इंजिनला बेल्ट आहे की चेन ते मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर आजचा उद्यावर ढकलू नका. किलोमीटर आणि वर्षं यांपैकी जी मुदत आधी संपेल ती धरायची, आणि ११ वर्षांचं रबर कुठल्याही हिशेबात बसत नाही. बेल्ट तुटला की वर आलेला पिस्टन उघड्या वॉल्व्हला धडकतो, मग हेड खाली. नुसता बेल्ट बदलून कव्हर लावू नका. टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली) बदला, आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. बऱ्याचदा बेल्ट धडधाकट असतो आणि आयडलरचं बेअरिंग जाम होऊन त्याला जाळतं.

दुसरं कूलंट. सगळं काढून ५०:५० मिश्रण, पाणी डिस्टिल्ड. जुन्यावर वेगळ्या जातीचं ओतू नका, काही जाती एकमेकींत मिसळल्या की गाळ धरतात आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. रंगावर विश्वास ठेवू नका, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा. रेडिएटरची टोपी नवी घ्या. साधारण १ बारचा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर कडक झालं की तो दाब राहत नाही आणि चढावर माल घेऊन चढताना गाडी तापते. मग लोक थर्मोस्टॅट काढून टाकतात. ते करू नका. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरचे लायनर झिजतात.

एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माती-गवताचा थर असतो, समोरून तो दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, कमी दाबाने. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पत्र्या आडव्या होतात.

तिसरं, डिझेल फिल्टर. दर २० हजारांना बदला आणि अध्येमध्ये खालचा नळ सैल करून पाणी काढा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी एकच नळी) दाब दीड हजार बारच्या वर जातो, पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच. पाण्याचा थेंब गेला की वंगण संपलं. आणि जुन्या पंपाच्या सवयीने चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करून ‘कुठला मारत नाही’ बघणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

सुटा_बोल्ट

एवढं कशाला? इंजिन ऑइल वेळेवर बदला, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफमध्ये (डिफरन्शियल, ॲक्सलमधले गिअर) तेच एक ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल भरा, खालून काळा कोट मारून घ्या. पिकअपला काही होत नाही.

दुसरा_गिअर

@सुटा_बोल्ट, डिफला जीएल-५ बरोबर. गिअरबॉक्सला नाही, जोवर मॅन्युअल तसं स्पष्ट सांगत नाही तोवर. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा डिफच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या दातांसाठी असते. सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना ती मानवत नाही, शिवाय सिंक्रोला पकडायला थोडं घर्षण लागतं तेही ती कमी करते. बहुतेक मॅन्युअल डब्यांना ७५डब्ल्यू-९० जीएल-४. चुकीचं तेल आहे याची खूण म्हणजे सकाळी थंड असताना दुसरा गिअर करकरतो आणि गरम झाल्यावर सुधारतो. डिफ लिमिटेड स्लिपचा असेल तर त्याचं तेल आणखी वेगळं.

हौदावाले, तेल बदलताना एक गोष्ट पक्की. आधी भरायचा नट सोडा, मगच खालचा. ११ वर्षं न उघडलेला फिलर नट गोल झाला आणि तेल आधीच खाली सांडलेलं असेल, तर गाडी तिथेच उभी. गाडी सपाट जागेवर, तेल कोमट, आणि पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. करंगळी आत घालून वाकवली की टोकाला तेल लागलं पाहिजे. खालच्या नटाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचं मलमासारखं किटण असेल तर चिंता नाही. बोटांत टोचणारी कपची असेल तर पुढचा विचार. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय.

आणि पाणी शिरतं कुठून? तिथेच तुमच्या ओघळाचंही उत्तर असू शकतं. मागच्या हाउसिंगवर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. चालून चालून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून सुटते. त्यावर चिखल वाळला की हवेला वाट राहत नाही, मग ती ॲक्सलच्या सीलमधून तेल ढकलत बाहेर पडते. उलट, तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, टोपी बोटाने फिरते का आणि हलते का बघा. त्याच्या जागी निप्पल बसवून रबरी नळी हौद्याच्या खालच्या पट्टीपर्यंत वर नेली तर कायमची कटकट जाते.

सील बदलायच्या आधी ओघळ कशाचा आहे ते ओळखा. बोटावर घेऊन वास घ्या. डिफचं तेल जाड असतं आणि गंधकाचा उग्र वास येतो, तो हात धुऊनही जात नाही. ब्रेक ऑइल पातळ, त्या वासाचं नाही, आणि रंग लावलेल्या पत्र्यावर पडलं तर रंग मऊ करतं. ते असेल तर सील नाही, व्हील सिलिंडर गळतोय, आणि मग हे काम टायमिंग बेल्टच्याही आधी.

डिफचंच तेल निघालं तर चाक उचलून, घोडी लावून, वर-खाली हलवून बघा. बेअरिंगला खेळ असेल तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर तो भागही बदलावा लागेल. तेल प्यायलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तापले की आतलं तेल पुन्हा बाहेर येतं आणि ते चाक एकतर धरत नाही किंवा एकदम धरतं. शू दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला.

ग्रीसगन

आता ‘ठक्’. चढण-उतरण नसलेली जागा, पुढच्या-मागच्या चाकांना ओट (अडवायला दगड किंवा ठोकळे), गाडी न्यूट्रल, इंजिन बंद. खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळा. प्रत्येक क्रॉसपाशी (युनिव्हर्सल जॉइंट, शाफ्टचा वाकणारा सांधा; त्याला धरणारा दुहेरी फाटा म्हणजे योक) डोळा ठेवा. शाफ्ट थोडा फिरणार, तो डिफच्या दातांमधला खेळ. पण क्रॉसची वाटी आणि योक यांच्यात वेगळी हालचाल दिसली तर क्रॉस गेला. वाटीच्या तोंडाशी कुंकवासारखी लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात, खेळ असो वा नसो.

क्रॉस ठीक असतील तर संशय सरकत्या जोडावर, म्हणजे स्प्लाइनवर. ब्रेक मारला की मागचा ॲक्सल किंचित फिरतो आणि शाफ्टची लांबी बदलते. स्प्लाइन कोरडी असेल तर ती अडकून राहते आणि निघताना सुटते. तुमचं वर्णन, ‘थांबून निघताना एकदाच’, अगदी याच्याशी जुळतं. ग्रीस मारून बघा, आवाज काही दिवस गेला तर निदान झालं.

ग्रीस मारायचीही रीत आहे. क्रॉसला चारही सीलांतून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर त्या वाटीचा रस्ता बुजलाय. शाफ्ट हलवत पुन्हा मारा. स्प्लाइनला मात्र सीलपाशी दिसायला लागलं की थांबा. ठासून भरलं तर शाफ्टला आत सरकायला जागाच उरत नाही आणि धक्के गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातात. शाफ्ट उतरवणार असाल तर सगळ्या जोडांवर आधी पांढऱ्या रंगाची खूण करा. एक दात इकडे-तिकडे बसला तरी योकची रांग मोडते आणि ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरते.

ठोकाठोक

सगळे इंजिन आणि तेलावर बोलताय. अशा गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक चासीमुळे. इंजिन दुसरं बसवता येतं.

@सुटा_बोल्ट, गंजावर काळा कोट मारणं म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टिक बांधणं. वरून चकचकीत, आत ओल कोंडलेली, आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही.

हातोडी घ्या, २०० ग्रॅमची पुरे. मागच्या ॲक्सलच्या वर जिथे चासी कमानीसारखी उठते तिथपासून पाट्यांच्या हँगरपर्यंत, वरून-खालून आणि आतल्या कडेने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर धातू आहे. ‘भद’ वाजलं किंवा पापुद्रे पडले तर तिथे थांबून स्क्रूड्रायव्हरने टोचा. चासीची पोकळ पेटी आतून बाहेर गंजते, त्यामुळे बाहेरचा रंग साक्षीला धरू नका. खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, आत साचलेली माती पावसाळाभर ओली राहते. पाइप आत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग चहूकडे फवारणाऱ्या नोझलने आतून कॅव्हिटी वॅक्स. दरवर्षी एकदा, पावसाच्या आधी. फवारल्यावर भोकं पुन्हा बुजली नाहीत ना बघा.

वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरी सोडा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यावर बारीक डाग पाडतो.

माल भरतानाही एक बघा. वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे हवं. ५०० किलो फळीला टेकवून मागे ठेवले की कॅबच्या मागे चासी वाकायला लागते. हौदा आणि कॅब यांच्यातली फट वर जास्त आणि खाली कमी दिसायला लागली तर समजा.

हौदावाला

ब्रीदर दगडासारखा बसलेला निघाला. ओघळाला गंधकाचा वास आहे. स्प्लाइनला ग्रीस मारल्यावर ‘ठक्’ बंद. चासी खणखणीत, पण भोकं सगळी बुजलेली. दोन प्रश्न उरलेत. इंजेक्टर आत्ताच काढून तपासायला द्यावेत का? आणि हँडब्रेक नऊ-दहा दाते वर येतो, केबल आवळू?

दुसरा_गिअर

केबलला हात लावू नका. ड्रमच्या आतला ॲडजस्टर जाम झालाय, त्यामुळे शू ड्रमपासून लांब राहिलेत. शू बदलताना ॲडजस्टरची चक्री काढून साफ करा, आटे मोकळे करून अगदी थोडं हाय टेंपरेचर ग्रीस लावा. डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात. ड्रम हाताने फिरताना किंचित घासेल इतकं आणा, शेवटी केबल. त्याच वेळी ब्रेक ऑइलही बदला. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषलं की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. दर दोन वर्षांनी बदलायचं. मागच्या ॲक्सलला जोडलेल्या, वजनानुसार ब्रेक वाटणाऱ्या वॉल्व्हचा दांडा मोकळा हलतो का तेही बघा, गंजून तो एकाच जागी बसला की रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊ शकतात.

ग्रीसगन

इंजेक्टर उगाच काढू नका. आधी रिटर्नची (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची) चाचणी: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या, सारख्या बाटल्या, इंजिन आयडलवर काही मिनिटं. एका बाटलीत इतरांपेक्षा ठळक जास्त डिझेल आलं तर तो झिजलाय. आणि वरचं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी बघा. डांबरासारखा काळा थर किंवा थंड असताना ‘चफ्-चफ्’ आवाज म्हणजे खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. हे दुर्लक्षू नका. ज्या इंजिनांत इंजेक्टर कव्हरच्या आत असतात तिथे ती काजळी थेट ऑइलमध्ये उतरते, सम्पमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी बुजते आणि ऑइलचा दाब पडतो. सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइलचा दिवा पूर्वीपेक्षा उशिरा विझायला लागला तर गाडी हलवू नका, सम्प उतरवून जाळी बघा. वॉशर एकदा काढला की नवाच घालायचा, आणि खालची बैठक साफ केल्याशिवाय नाही.

इंजिन ऑइल १० हजारांना म्हणत असतील तर तुमच्या धुळीच्या रस्त्यावर ५ हजार धरा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचंच ऑइल, आणि डिपस्टिकवरची पातळी *वाढली* तर खूश होऊ नका, त्यात डिझेल मिसळतंय.

ठोकाठोक

पाट्यांचे बुश बदलणार असाल तर राहिलेलं सांगतो. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचे) बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, मग टॉर्क पाना. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट उतरवले तर नवेच घाला, आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत न्या, आणि ५०० किमीला पुन्हा पाना लावा. पाटे दबून बसतात, त्यामुळे पहिल्या आवळणीत जो बोल्ट घट्ट होता तो दुसऱ्या वेळी हमखास पाव फेरा घेतो.