कबड्डीसाठी मुले निवडताना अंगकाठीच्या मोजमापांवर किती भिस्त ठेवावी?

मैदानकर

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि संध्याकाळी शाळेच्याच मैदानावर तेरा ते सोळा वयोगटातील मुलामुलींचा कबड्डीचा सराव घेतो. आमच्या मंडळाच्या एका हितचिंतकांनी त्वचेच्या घडीची जाडी मोजण्याचे कॅलिपर, उंची मोजण्याचा स्टँड आणि चांगला वजनकाटा भेट दिला. त्याचबरोबर त्यांचा असा आग्रह आहे की, प्रत्येकाची शरीरयष्टी मोजून चढाईपटू कोण, कोपरारक्षक कोण, मध्यरक्षक कोण हे ठरवावे आणि ज्यांचा बांधा दुखापतीला आमंत्रण देणारा वाटेल त्यांना संघबांधणीच्या आधीच बाजूला काढावे. साहित्यासोबतच्या पुस्तिकेत माणसांचे एंडोमॉर्फ (मेदाळ), मेसोमॉर्फ (स्नायूंनी भक्कम) आणि एक्टोमॉर्फ (सडपातळ) असे तीन प्रकार सांगून प्रत्येकापुढे योग्य खेळांची यादी दिली आहे.

मला हे सारे फार सरळसोट वाटते. गेल्या हंगामात आमच्या ज्या दोन मुलींचे गुडघे दुखावले, त्यांपैकी एक उंच व सडपातळ होती आणि दुसरी ठेंगणी व भक्कम. दोघींचाही पाय चढाईत दिशा बदलताना मॅटवर रुतला होता. शिवाय नववीतील तीन-चार मुले गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आल्याची आणि टाच दुखत असल्याची तक्रार करतात. बांध्यावरून खेळाडूची कामगिरी व दुखापत यांचा अंदाज खरोखर बांधता येतो का, आणि येत नसेल तर या साहित्याचा सदुपयोग कसा करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोजपट्टी

मैदानकर सर, मी मानवमिती, म्हणजे शरीराच्या मोजमापांचे शास्त्र शिकवतो, म्हणून आधी पुस्तिकेतील त्या तीन प्रकारांविषयी लिहितो.

ही विभागणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४० साली मांडली. तो छायाचित्रे पाहून अंक देत असे, बांधा जन्मभर बदलत नाही असे मानत असे आणि बांध्यावरून स्वभावही सांगत असे. यातली शेवटची दोन विधाने संशोधनात टिकली नाहीत. आज जी पद्धत वापरली जाते ती बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये सुधारून मांडलेली आहे. तिच्यात दहा मोजमापे लागतात: उंची, वजन, चार ठिकाणच्या त्वचेच्या घड्या, कोपर व गुडघा येथील हाडांची रुंदी, आणि दंड व पोटरीचा घेर. त्यांतून तीन अंक निघतात. पहिला मेदाचा, दुसरा स्नायू व हाडांच्या भक्कमपणाचा आणि तिसरा उंचीच्या मानाने असलेल्या सडपातळपणाचा. प्रत्येक माणसात हे तिन्ही घटक कमीअधिक असतातच. त्यामुळे २-५-३ अशी नोंद असलेल्या मुलाला नुसते ‘मेसोमॉर्फ’ म्हणणे म्हणजे निम्मी माहिती फेकून देणे होय. आहार, व्यायाम आणि वय यांनुसार हे अंक बदलतात, आणि तुमच्या वयोगटात तर ते वर्षभरातही बदलू शकतात.

याचा अर्थ बांधा आणि खेळ यांचा संबंधच नाही, असा मात्र नव्हे. रोम येथील १९६० च्या ऑलिंपिकमधील अ‍ॅथलीट जेम्स टॅनर यांनी मोजले होते. मेक्सिको १९६८ आणि माँट्रियल १९७६ येथेही खेळाडूंची सविस्तर मोजमापे झाली. लांब पल्ल्याचा धावपटू, गोळाफेकपटू आणि जिम्नॅस्ट यांचे बांधे स्पष्टपणे वेगळे पडतात, हे त्यांतून दिसले. पण ही सर्वोच्च पातळीवर पोहोचलेल्या प्रौढ खेळाडूंची चित्रे आहेत. जे पोहोचले त्यांचे शरीर कसे होते हे त्यांवरून कळते; नववीतील कोणता मुलगा पोहोचेल हे कळत नाही. कबड्डीत तर एकाच संघात काटक, चपळ चढाईपटू आणि रुंद खांद्यांचा मध्यरक्षक असे दोघेही लागतात, आणि तीस सेकंदांच्या चढाईत अंतराचा अंदाज व पायांची फसवी हालचाल यांना जे मोल असते ते कॅलिपरमध्ये उतरत नाही.

बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याच्या, भरवशावर तर अजिबात राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या माणसांत मेद जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, ही गोष्ट क्रीडाशिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच कारणाने घड्यांवरून मेदाची टक्केवारी काढण्याच्या फंदात पडू नका. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे डर्निन आणि वुमर्स्ली यांचे १९७४ चे सूत्र स्कॉटलंडमधील लोकांवर बेतलेले आहे. घड्यांची मिलिमीटरमधील बेरीज तशीच नोंदवावी आणि मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी.

मोजताना शरीराची उजवी बाजू घ्यावी. डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांनी त्वचा व तिच्याखालचा मेद एवढाच उचलावा, स्नायू चिमटीत येऊ देऊ नये. चिमटीपासून एक सेंटीमीटर अंतरावर कॅलिपर लावावे आणि दोन सेकंदांनी आकडा वाचावा. दरवेळी मोजणारी व्यक्ती तीच असावी. मुलींची मोजमापे शिक्षिकेनेच, आडोशाला आणि पालकांच्या संमतीने घ्यावीत. आकडे मोठ्याने पुकारू नयेत किंवा फलकावर लावू नयेत.

खरे सांगायचे तर तुम्हाला मिळालेल्या साहित्यातील सर्वांत मौल्यवान वस्तू उंचीचा स्टँड आहे. दर तीन महिन्यांनी उंची आणि बसून उंची अशा दोन्ही नोंदी घ्या. मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत साधारण चौदाव्या वर्षी उंची सर्वाधिक वेगाने वाढते, पण हे वय मुलागणिक दोन-दोन वर्षे पुढेमागे होते. आधी पाय लांबतात, धड मागाहून वाढते. एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एकाची वाढ उरकलेली आणि दुसऱ्याची जेमतेम सुरू झालेली असू शकते, आणि निवड चाचणीत आपण पहिल्याला ‘गुणी’ समजून मोकळे होतो. उशिरा वाढणारा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. बांध्याच्या प्रकारापेक्षा वाढीचा हा टप्पा तुम्हाला कितीतरी अधिक सांगेल.

घोटापकड

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु मैदानावर आयुष्य घालवलेल्या माणसाचे दोन शब्द ऐकून घ्यावेत. आम्ही मुलाची अंगकाठी पाहूनच त्याला जागा देत आलो आहोत. लांब हातापायांचा मुलगा चढाईला, मांड्यांत जोर असलेला कोपऱ्याला, छातीने भरलेला मध्यरक्षणाला, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो. आमच्या काळी रोज पहाटे जोर-बैठका, लंगडी आणि मल्लखांब होत असे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया कधी ऐकिवात नव्हत्या. आता मॅट आले, बूट आले आणि त्यांच्यामागून दुखणीही आली. वाढत्या मुलांना मातीत खेळवा, एवढेच सांगणे आहे.

चालतीबोलती_हाडे

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. घोटापकड काकांच्या म्हणण्यातील मॅटविषयीचा भाग योग्य आहे. मॅटवर बुटाची पकड मातीपेक्षा घट्ट बसते. पाऊल जागीच राहते, शरीर वळते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मैदानकर सरांनी दोन्ही मुलींविषयी नेमके हेच लिहिले आहे. मात्र पूर्वी शस्त्रक्रिया ऐकिवात नव्हत्या, याचे एक कारण असेही आहे की गुडघ्यातील लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा बंध) तुटलेला मुलगा तेल लावून घरी बसे आणि पुन्हा मैदानावर येतच नसे. त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता मुख्य मुद्दा. दुखापतीची शक्यता असलेल्यांना आधीच ओळखून वगळण्याची कल्पना तर्काला पटते, पण व्यवहारात फसते. ओस्लो येथील प्रा. रोआल्ड बार यांनी २०१६ साली याविषयी एक सडेतोड लेख लिहिला होता. त्यांचा युक्तिवाद असा की, एखाद्या चाचणीत कमी गुण मिळालेल्या गटाला दुखापती थोड्या अधिक होतात हे सरासरीने खरे असले, तरी दुखापत झालेले आणि न झालेले यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की अमुक रेषेच्या खालचा मुलगा दुखावणार आणि वरचा वाचणार असे सांगता येत नाही. मधल्या गुणांचे खेळाडू संख्येने पुष्कळ असल्याने बहुतेक दुखापती त्यांच्यातच घडतात. तुमच्या हितचिंतकांचे ऐकले तर तुम्ही काही निरोगी मुलांना विनाकारण घरी पाठवाल आणि ज्यांना दुखापत होणार आहे त्यांतील बरेचजण संघातच राहतील. पुढील दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा आधीची दुखापत हाच आहे, आणि तो जाणण्यासाठी कॅलिपर लागत नाही, वही लागते.

म्हणून प्रतिबंधाचा व्यायाम सरसकट सर्वांना द्यावा. त्याला भक्कम आधार आहे. नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आज ‘फिफा ११+’ म्हणून ओळखला जाणारा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. त्यात हलके धावणे, एका पायावर तोल, मांडी-कंबर-पोटाचे ताकदीचे व्यायाम, उड्या आणि शेवटी वेगाने दिशा बदलणे एवढेच असते. २०१४ साली पंचवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ताकदीच्या व्यायामाने दुखापती एकतृतीयांशाहूनही खाली आल्या, तर नुसत्या स्ट्रेचिंगचा लाभ दिसला नाही. आपल्याकडे अजूनही रांगेत उभे करून पायाची बोटे धरायला लावतात आणि त्यालाच वॉर्मअप म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. काकांच्या बैठका या हिशेबात पुन्हा मानाने परत येतात, ही आनंदाची बाब आहे.

एक तपशील पाहण्यासारखा आहे. मुलींना एका बाकावरून खाली उडी मारायला सांगा आणि समोर उभे राहून त्यांच्या गुडघ्यांकडे पाहा. जमिनीवर येताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, कंबर व गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याची सवय लावा. ही निवड चाचणी नव्हे, शिकवण्याचा धडा आहे. गुडघे सरळ राहिलेल्या मुलीलाही तो द्यायचाच. तोच धडा पुढे चढाईतील वळणासाठी द्यावा: लांब टाकलेल्या एका पायावर गर्रकन वळण्याऐवजी दोन-तीन छोटी पावले टाकून वळणे. हा वॉर्मअप मुळात फुटबॉलसाठी बांधलेला आहे, त्यामुळे साखळीतील तीन पकडपटू एकदम चढाईपटूच्या गुडघ्यावर कोसळतात तेव्हा तो कामाला येणार नाही. तिथे पकडीचे तंत्र आणि पडण्याचा सराव वेगळा घ्यावा लागेल.

टेंगूळ आणि टाच यांविषयी. नडगीच्या वरच्या टोकाशी, जिथे गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा हाडाला जोडलेला असतो, तिथला वाढीचा भाग या वयात अजून कच्चा असतो. बैठका, उड्या आणि झेपा यांच्या वारंवार ओढीने तो दुखू लागतो. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, आणि टाचेच्या तशाच दुखण्याला सिव्हर. दोन्ही वाढीच्या काळातली दुखणी आहेत आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांची थांबतात. पूर्ण विश्रांतीची गरज क्वचितच पडते. उड्या व झेपा कमी कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसेल एवढाच सराव ठेवावा. मात्र रात्री झोपमोड करणारे दुखणे, सूज किंवा लंगडणे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मोजपट्टी सरांनी सांगितलेली उंचीची नोंद इथे कामाला येते, कारण ज्या मुलाची उंची झपाट्याने वाढताना दिसेल त्याच्या उड्या दुखण्याची वाट न पाहता कमी करता येतील.

मैदानकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हितचिंतकांना समजावण्यासाठी मला आता मुद्दे मिळाले. अजून दोन शंका आहेत. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम ऐकला आहे, तो या वयात द्यावा का? आणि वजनगटाच्या सामन्यांपूर्वी काही पालक मुलांना स्वेटर घालून पळवतात व पाणी तोडतात. बांध्याच्या नोंदी ठेवायच्या तर त्याबाबत काय करावे?

चालतीबोलती_हाडे

नॉर्डिक अवश्य द्यावा. २०१९ च्या एकत्रित आढाव्यात, ज्या संघांच्या कार्यक्रमात तो होता त्यांच्यात या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या आढळल्या. मुलाने गुडघ्यांवर बसावे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट दाबून धरावेत आणि मुलाने कंबर न मोडता शरीर शक्य तितके सावकाश पुढे सोडत हातांवर उतरावे. स्नायू लांबत असताना भार पेलायला शिकतो, यातच त्याचा उपयोग आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाचाच्या दोन फेऱ्या पुरेत. पहिले काही दिवस मांड्या चांगल्याच ठणकतील, म्हणून सामन्याच्या आठवड्यात आरंभ करू नये. वाटीखाली टेंगूळ असलेल्या मुलांना गुडघ्यांवर बसवत नाही, त्यांच्यासाठी पाठीवर झोपून, टाचा टेकवून कंबर उचलण्याचा व्यायाम घ्यावा.

मोजपट्टी

पाणी तोडण्याविषयी कोणतीही सवलत देऊ नका. अमेरिकेत १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या काही आठवड्यांत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन मुले अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावली, आणि त्यानंतर तेथील नियम बदलले. तेथे आता हंगामाच्या आरंभीच, शरीरात पुरेसे पाणी असल्याची लघवीच्या तपासणीने खात्री करून, प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवतात आणि त्याखालच्या गटात त्याला उतरू देत नाहीत. तुम्ही हंगामाच्या सुरुवातीचे सकाळचे वजन, उंची आणि घड्यांची बेरीज यांची नोंद पालकांच्या सहीनिशी ठेवा. ज्याची उंची तीन महिन्यांत दोन-तीन सेंटीमीटर वाढली आहे त्या मुलाला जुन्या गटात कोंबायचेच नाही, हे त्या वहीच्या आधारे पालकांना सांगणे सोपे जाते. आणि ते वरच्या गटात खेळवायला तयार नसतील तर त्या स्पर्धेपुरते त्याला राखीव ठेवा.