कमी पटाची सातवीपर्यंतची शाळा वाडीतच ठेवावी का?

सडेकर:
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक वाड्यांत पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा दोन शिक्षकांवर चालते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला, तेव्हा त्याला सरसकट विरोध झाला. मला तो विरोध पूर्ण पटत नाही. दुसरीला वाचन, पाचवीला अपूर्णांक आणि सातवीला विज्ञान एकाच शिक्षकाने एकाच खोलीत शिकवायचे, ही कसरत प्रशिक्षणात ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणून शोभते. प्रत्यक्षात सातवीच्या वाट्याला प्रयोग येतच नाही. म्हणून पाचवीपर्यंतचे वर्ग वाडीत ठेवावेत आणि सहावी-सातवी केंद्रशाळेला, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेला जोडावी.

खाडीकाठ:
असहमत. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आणि त्यापुढची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. नकाशावरचे तीन किलोमीटर आमच्याकडे घाटी उतरून, व्हाळ ओलांडून, पुन्हा चढ चढून पुरे होतात आणि आषाढात साकवावरून पाणी गेले की तेवढेही उरत नाहीत. शिवाय वरचे वर्ग गेले की उरलेला पट आणखी घटतो. मग पुढचे पत्र पहिली ते पाचवीसाठी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

सडेकर:
पटाची भीती रास्त आहे. परंतु आजही शाळा कोणाच्या भरवशावर आहे? परजिल्ह्यातून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावी जातात, ज्यात त्यांचा दोष नाही, आणि रिक्त जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. केंद्रशाळेत एक जागा रिकामी झाली तरी बाकीचे शिक्षक वर्ग सांभाळतात. येथे एक गेला की निम्मी शाळा गेली.

वाडीवाला:
गणपतीला आलेले चाकरमानी ‘शाळा वाचवा’च्या निवेदनावर हिरिरीने सह्या करतात, मात्र त्यांची मुले मुंबईत शिकतात. ज्यांची मुले आज या शाळेत आहेत, त्यांना शाळा व्यवस्थापन समितीत कोणी विचारले आहे काय?

खाडीकाठ:
विचारावेच, आणि माझी मुलगीही त्याच शाळेत आहे, हेही नोंदवतो. रिक्त जागेवरचा उपाय जागा भरणे हा आहे, वर्ग उचलणे हा नव्हे. तरीही सहावी-सातवी हलवायचीच असेल, तर मुलांना नेणारी गाडी जून ते सप्टेंबर नियमित धावून दाखवावी, पाचवीपर्यंतच्या दोन्ही शिक्षकांची लेखी हमी द्यावी आणि त्यानंतरच आमच्याकडे दाखले मागावेत.