श्रेय अ‍ॅनीचंही
लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेली हेलन केलर मुळातच असामान्य होती, तिची शिक्षिका निमित्तमात्र, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. ३ मार्च १८८७ ला अ‍ॅनी सलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी आली, तेव्हा अवघी २० वर्षांची. तिची स्वतःचीच नजर अधू! पहिल्या दिवसापासून ती हेलनच्या तळहातात बोटांच्या खुणांनी शब्द देत राहिली. हेलन हुबेहूब नक्कल करायची, पण अर्थाचा पत्ता नाही. पेला आणि पेल्यातलं पाणी यांत तर सतत गोंधळ. महिनाभर हेच. अखेर ५ एप्रिलला पंपाखाली एका हातावर गार पाण्याची धार, दुसऱ्या हातात ‘पाणी’ या शब्दाची अक्षरं, आणि पोरगी थबकलीच. पुढच्या काही तासांत ३० नवे शब्द! पण त्याआधीचा तो महिना अ‍ॅनीने कसा रेटला असेल?