मदत हवी आहे: मधेच कुणी उठून गेलं तरी चालेल असा सहा-सात जणांचा बोर्ड गेम

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. बोर्ड गेमचा नाद पुण्यात नोकरीला असताना लागला. आता गावीच शेती बघतो. रात्री जेवणं झाली की ओसरीवर चटई अंथरायची आणि डाव मांडायचा, हे घरात ठरून गेलंय. आबाजी, आई, वहिनी, दादाची दोन पोरं, शेजारचे काकाजी आणि मी.

अडचण सांगायच्या आधी हल्ली काय खेळतोय ते सांगतो, म्हणजे आमची आवड कळेल.

सगळ्यात जास्त रमलो ते अ‍ॅग्रिकोलात. उवे रोझेनबर्ग यांचा २००७ सालचा खेळ. घर, वावर, गुरं सांभाळायची आणि सुगी आली की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे दोन घास मोजून द्यायचे. कमी पडले तर दर घासामागे तीन गुण वजा. एकूण १४ फेऱ्या. पहिली सुगी चौथ्या फेरीनंतर, मग सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि शेवटी चौदाव्या. म्हणजे खेळ पुढे सरकतो तसतसा दोन सुग्यांमधला अवधी आटत जातो, आणि घरात माणसं तर वाढलेली असतात. हा ताण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आबाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एक दाना पेरला का तीन होतेच काय? पान्याचं काहीच नाही याच्यात?" खरंच नाही. पेरलं की येतंच. तरीही त्यांना खेळ आवडला. कच्चं धान्य थेट खायला चालतं, पण ते शेवटचा दाणा कधी खात नाहीत, बियाणं म्हणून बाजूला ठेवतात. कार्डांवर इंग्रजी मजकूर खूप आहे, म्हणून व्यवसायांची आणि छोट्या सुधारणांची कार्डं आम्ही डब्यातच ठेवतो. त्यांच्याशिवायही खेळ चांगला रंगतो.

पोरांचा लाडका टिकेट टू राइड. अ‍ॅलन मून यांच्या या खेळाला २००४ मध्ये जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या उत्तम खेळाचा मान मिळाला होता. रंगीत पत्ते गोळा करून गावागावांत रूळ टाकायचे, प्रत्येकाकडे ४५ डबे. याला भारताचा १९११ सालचा नकाशाही वेगळा मिळतो, तो मागवायचा आहे. रूळ पडायला लागले की काकाजी हमखास शकुंतलेच्या गोष्टी काढतात. दारव्ह्यावरून जाणारी ती अरुंद रुळांची गाडी बंद पडली याचं त्यांना अजून वाईट वाटतं, आणि पोरांनी गाडी कधी पाहिली नसली तरी तिची सगळी स्टेशनं त्यांना पाठ झाली आहेत.

कार्कासोन आईला आवडतो. ७२ चौकोन, एकही अक्षर नाही, नकाशा जोडत जायचा. मला स्वतःला तो दोघांतच जास्त भावतो.

आता अडचण. हे खेळ चार-पाच जणांचे, आम्ही सात. दोन गट करून बसतो, पण मग अर्धं घर एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे होतं, ते मनाला पटत नाही. दुसरं त्याहून मोठं आहे. सध्या हरभऱ्याचं ओलीत चालू आहे. ज्या आठवड्यात रात्रीच्या लाईनची, म्हणजे पंपाला रात्री वीज मिळायची, पाळी असते, त्या आठवड्यात लाईन आली की काकाजी आणि मी बॅटरी घेऊन वावराकडे निघतो. अ‍ॅग्रिकोलाच्या अकराव्या फेरीत दोघं उठले की पटावरचा सगळा हिशेबच मोडतो. उरलेले हिरमुसतात, आणि परत येईस्तोवर पोरं झोपलेली असतात.

तर असा खेळ सुचवा: सहा-सात जणांचा, मधेच कुणी गेलं किंवा आलं तरी न मोडणारा, आणि इंग्रजी वाचावं लागणार नाही असा. आबाजी मराठी सावकाश वाचतात, आई बऱ्यापैकी वाचते. पत्त्यांचे खेळ आम्हाला येतात, ते सुचवू नका.

आणखी एक. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेनं टिकेट टू राइडचे पत्ते पन्हाळीसारखे वाकले. यंदा कूलर लावायच्या आधी काही उपाय करता येईल का?

प्रतिसाद १

भाऊ, तुमच्यासाठी 'जस्ट वन'. तीन ते सात जणांचा, आणि सगळे एकाच बाजूनं खेळतात. एकजण डोळे मिटतो, बाकीच्यांना एक शब्द दिसतो. प्रत्येकानं त्या शब्दाकडे नेणारा एकच शब्द लपवून लिहायचा. मग लिहिलेलं आपसात ताडून बघायचं. दोघांचं सारखं निघालं की दोन्ही बाद. जे उरलं तेवढ्यावर पहिल्यानं ओळखायचं. डावात १३ शब्द असतात. सोपी खूण सगळ्यांनाच सुचते म्हणून ती द्यायची भीती वाटते, आणि फार लांबची दिली तर ओळखणारा अडकतो. सगळी मजा या कात्रीत आहे. प्रत्येक शब्द म्हणजे वेगळा छोटा डाव, म्हणून दोघं ओलिताला गेले तर उरलेले पाच पुढे चालू.

मूळ डबा इंग्रजी शब्दांचा आहे, तो घेऊच नका. शाळेच्या पाट्या आणि पेन्सिली पुरतात, शब्द मराठीत स्वतः लिहा. आबाजींना लिहायचा कंटाळा असेल तर नातवाच्या कानात सांगतील.

प्रतिसाद २

वरचा उपाय छान आहे. पटावरचंच काही हवं असेल तर 'कॅमल अप' बघा, २०१४ चा श्पील देस यारेस. आठ जणांपर्यंत चालतो. पाच उंटांची शर्यत आणि कुठला पुढे निघेल त्यावर पैजा, अर्थात खेळातल्याच नाण्यांच्या. एका घरात दोन उंट आले की एकावर एक चढतात आणि खालचा हलला की वरच्यालाही घेऊन जातो, त्यामुळे मागचा अचानक पुढे येतो. उंट कुणा एकाचे नसतात, म्हणून एखादा उठला तरी शर्यत थांबत नाही. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बघितलेल्या माणसाला नियम सांगायला वेळ लागणार नाही.

पत्त्यांचं म्हणाल तर ओल दोन्ही बाजूंनी सारखी शिरत नाही, म्हणून ते वाकतात. वाकलेले पत्ते उन्हात अजिबात टाकू नका, रंग उडतो आणि उलटे वाकतात. कोरड्या खोलीत जड पुस्तकांखाली काही दिवस दाबून ठेवा. सरळ झाले की मापाचे प्लास्टिकचे स्लीव्ह चढवा. खेळ कूलर नसलेल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्याही चालतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कॅमल अप यादीत घेतला, हरभरा निघाला की मागवतो. पत्ते आजच दाबून ठेवले.

पाट्या माळ्यावर होत्या, काल रात्री बसलो. पहिला शब्द 'पोळा'. आई, वहिनी आणि मी, तिघांनीही 'बैल' लिहिलं आणि तिन्ही बाद. आबाजींनी लिहिलं होतं 'खांदेमळण' (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात ते), आणि काकाजींनी तेवढ्यावर ओळखलं. नंतर लाईन आली, आम्ही दोघं गेलो. परत आलो तेव्हा पोरं जागीच होती आणि आमच्या पाट्या पुसून तयार ठेवल्या होत्या.

आता शब्द कमी पडताहेत. मी तिफण, डवरा, सरकी, ढेप, खळं, आठवडी बाजार, एसटी, ग्रामसभा असे साठेक काढले, पण सगळे आमच्याच अंगणातले झाले आणि पोरांना शेतीची अवजारं पटकन सुचत नाहीत. शंभरेक शब्द तरी हवेत. प्रत्येकानं पाच-दहा इथे टाकले तर काम होईल. नाम असावं, घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माहीत असावं, आणि त्याच्याकडे जायला किमान चार-पाच वेगळ्या वाटा असाव्यात. कोकणातले, खानदेशातले, मुंबईचे शब्दही चालतील.