मदत हवी आहे: बुलफ्रॉगच्या विष्ठेतली हाडं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

मी मूळची संगमेश्वरची, सध्या दक्षिण अंदमानात वंडूरजवळ राहते. घरामागे मत्स्यशेतीचं तळं आहे आणि तिथून जवळच लोहाबराकचं मगरींचं अभयारण्य.

पहिल्या पावसात तळ्याच्या काठावर पिवळेजर्द नर बसले, गळ्याशी निळे फुगे फुगवून. बुलफ्रॉग, म्हणजे आपल्या भातखाचरातलाच बेडूक! आधी आनंद झाला, पण हा या बेटांवरचा नाहीच. मुख्य भूमीवरून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर तो इथे आला आणि झपाट्याने पसरला. तोंडात मावेल ते गिळतो. शेजारच्या ताईंचं कोंबडीचं पिल्लू त्याने माझ्यासमोर अर्धं गिळलं होतं, पाय तेवढे बाहेर.

त्याचे बेडूकमासेही मांसाहारी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांच्यासोबत ठेवलेले स्थानिक बेडकांचे बेडूकमासे एकही वाचले नाहीत. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही, कारण पावसात आमच्या तळ्याचं पाणी भरून ओढ्याला मिळतं आणि ओढा अभयारण्याच्या बाजूला जातो.

म्हणून हा बेडूक इथे काय काय खातो ते बघायला सिमेंटच्या कठड्यावरची त्याची विष्ठा गोळा करते. बशीत पाणी घालून काडीने सोडवली की भुंग्यांच्या पंखांची चकचकीत टरफलं, नाकतोड्यांच्या तंगड्या, खेकड्याची नखाएवढी नांगी निघते. कालच्या विष्ठेत मात्र तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक पाच-सहा हाडं होती. ती पालीची की बेडकाची, हे भिंगाखाली कसं ठरवायचं? जबड्याचा तुकडा किंवा खवले मिळाले तर काय बघावं? बेडकाचं पोट धुऊन आतलं भक्ष्य बाहेर काढायची पद्धत अभ्यासक वापरतात, पण ते परवानगी आणि सराव असलेल्यांचं काम, मी त्यात हात घालणार नाही.

आणखी एक. कोकणात, घाटावर शेती करणाऱ्यांनी कृपया सांगा: तुमच्या खाचरात या बेडकाला कोण खातं? धामण, बगळे मी लहानपणी पाहिलेत. त्याच्या बेडूकमाशांना कोण खातं, ते मात्र कधी लक्ष देऊन पाहिलं नाही. इथल्या तळ्यात तसं कुणी आहे का, ते मला शोधायचं आहे.

हाडांचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढलेले, संध्याकाळी प्रतिसादात टाकते.