प्रति: ४ जीबी रॅमवर कोणते लिनक्स, आणि शिकायचे कुठून?

भाऊ, तुमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय, त्यासाठी वर कुणीतरी आर्च हा अवघड प्रकार सुचवलाय. पहिल्याच खेपेला ते नको. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रॅमने आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल फाइल) चढवा, पण लगेच इन्स्टॉल करू नका. आधी लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून) चालवून आवाज, टचपॅड, वायफाय तपासा. ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप असेल तर वायफाय बहुतेक दिसतच नाही. मग मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) घ्या.

विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही: पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान-मोठं करताना बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर आधीच.

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, मराठीतून आहेत आणि फुकट. चित्रं जुन्या उबुंटूची दिसतील, पण एलएस (फायलींची यादी), सीडी (फोल्डर बदलणं), सीपी (प्रत काढणं) या कमांड त्याच आहेत. व्हिडिओ थांबवून प्रत्येक कमांड स्वतः टाइप करा. आरएम (फाइल काढून टाकायची कमांड) मात्र जपून, त्याने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही.