गच्चीचं पाणी टाकीत घ्यावं की बोअरमध्ये सोडावं?

अंगण_लातूर:
गच्ची १,००० चौरस फूट, पावसाळी पाइप दोन, दोन्ही ४ इंची. अंगणात २,००० लिटरची टाकी बसेल, बोअर तिथून १५ फुटांवर आहे. प्लंबर म्हणतो, पाइप थेट केसिंगमध्ये (बोअरच्या उभ्या पाइपात) उतरवू. चालेल का?

पागोळी:
थेट केसिंगमध्ये मुळीच नको! कबुतरांची घाण सरळ भूजलात जाते, आणि बारीक गाळ खडकाच्या भेगांत बसला की बोअरची आवक घटते.

१ चौ. मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. तुमची गच्ची ९३ चौ. मी. पाऊस ७०० मिमी धरून २० टक्के घट वजा केली तरी वर्षाला ५२,००० लिटर होतात. टाकी २७ मिमीतच भरेल. तेव्हा दोन्ही करा: टाकी वापराला, ओव्हरफ्लो (टाकी भरल्यावरचं जादा पाणी) बोअरभोवती खणलेल्या गाळणीच्या खड्ड्यात. ओव्हरफ्लोचा पाइपही ४ इंचीच हवा. १ इंची ठेवला तर जोराच्या सरीत पाणी झाकणातून उसळतं.

टाकीआधी पहिल्या १ मिमीचं, म्हणजे साधारण ९० लिटर, पाणी वेगळं काढा. त्यासाठी पाइपचा उभा तुकडा लावतात, पण त्यात मीटरला ८-९ लिटरच मावतात. १०० लिटरचा बंद ड्रम टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडा. तो भरला की पाणी आपोआप पुढे जातं. पाऊस थांबला की तळाचा वॉल्व्ह उघडून ड्रम रिकामा करायचा.

मुरूम_खडी:
खड्डा केसिंगभोवती ४ बाय ४ फूट, खोली ८ फूट. केसिंगला तळाच्या २ फुटांतच ५ मिमीची भोकं पाडा, वर नायलॉन जाळीचे दोन वेढे. तळाला ३ फूट मोठे दगड, त्यावर २ फूट ४० मिमी खडी, १ फूट २० मिमी खडी, मग जाळी आणि १ फूट धुतलेली जाड वाळू. वरचा फूट मोकळा. कोळशाचा थर इथे लागत नाही.

काठ जमिनीपेक्षा फूटभर उंच बांधा, नाहीतर काळी माती वाहून येऊन वाळू बुजते. मेमध्ये वरची ३ इंच वाळू काढून धुवा. संडासाची टाकी ५० फुटांच्या आत असेल तर हा खड्डा करूच नका.

अंगण_लातूर:
संडासाची टाकी ७० फुटांवर आहे. गच्चीच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी प्यायला चालेल?

पागोळी:
धुणं, भांडी, फ्लशला बिनधास्त. प्यायचं असेल तर गाळून, उकळूनच. टाकी काळी घ्या, उजेड शिरला की शेवाळ धरतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी लावा आणि ती दर पावसानंतर झटका. पानं अडकली की पाणी तुंबतं.